नाव पुकारल्यानंतरची वर्षं : एनएचएलचे संघ तरुण खेळाडू कसे निवडतात आणि घडवतात

उत्तर अमेरिकेतल्या नॅशनल हॉकी लीगचा, म्हणजे बर्फावरच्या हॉकीच्या एनएचएलचा, ड्राफ्ट (तरुण खेळाडूंची निवड) सहसा जूनच्या अखेरीस होतो. 32 संघ, सात फेऱ्या, सव्वादोनशेच्या आसपास नावं. बहुतेक मुलं जेमतेम 18 वर्षांची असतात. आयपीएलच्या लिलावाची सवय झालेल्या आपल्या वाचकाला एक गोष्ट आधी सांगायला हवी : इथे बोली लागत नाही. ज्या संघाची पाळी असेल त्याने एका मुलाचं नाव घ्यायचं, आणि त्या मुलाशी करार करण्याचा हक्क पुढची काही वर्षं फक्त त्याच संघाकडे राहतो. मुलाला मात्र संघ निवडता येत नाही. नाव पुकारल्यावर लगेच मोठ्या संघात खेळणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकीचे दोन, तीन, कधी पाच वर्षं दुसरीकडेच खेळत राहतात. संघाची खरी पारख या मधल्या वर्षांत होते, असं मला हा सगळा इतिहास वाचताना सतत वाटत आलं आहे.

1963 पूर्वी ड्राफ्ट नव्हताच. लीगमध्ये तेव्हा सहाच संघ होते : मॉन्ट्रियल, टोरांटो, बॉस्टन, न्यूयॉर्क, शिकागो आणि डेट्रॉइट. या संघांनी कॅनडाभरचे ज्युनियर संघ पोसले होते आणि त्या संघांतली मुलंही आपलीच मानली होती. ‘सी फॉर्म’ नावाच्या कागदावर मुलाची आणि पालकांची सही झाली की त्या मुलाची हॉकी एकाच मालकाच्या हाती जायची. ऑन्टारिओतल्या पॅरी साउंड गावचा बॉबी ऑर बारा-तेरा वर्षांचा असताना बॉस्टनच्या स्काउटांच्या, म्हणजे खेळाडू हेरणाऱ्यांच्या, नजरेत भरला. बॉस्टनने मग त्याच्या गावच्या मुलांच्या हॉकीला तीन वर्षं, वर्षाला 1,000 डॉलर दिले, आणि 1962 मध्ये, तो 14 वर्षांचा असताना, त्याची सही घेतली. पहिल्या मोसमात तो राहायचा आणि शिकायचा आपल्या गावातच, आणि सामन्यांपुरता कित्येक तासांचा प्रवास करून ओशावाच्या ज्युनियर संघाकडे जायचा. ऑर पुढे बचावपटूची कल्पनाच बदलून टाकणारा खेळाडू झाला, म्हणून ही गोष्ट आज कौतुकाने सांगितली जाते. पण अशाच कागदांवर सही केलेली कितीतरी मुलं कुठेच पोचली नाहीत. चौदाव्या वर्षी मुलाला बांधून घेणं अन्यायच होतं, मग त्यातून ऑर निघो वा न निघो.

ही पद्धत मोडण्यासाठी लीगचे अध्यक्ष क्लॅरेन्स कॅम्पबेल यांनी ड्राफ्टचा मार्ग काढला. 5 जून 1963 रोजी मॉन्ट्रियलच्या क्वीन एलिझाबेथ हॉटेलात बंद दाराआड पहिला ड्राफ्ट झाला. चांगली मुलं आधीच कुणा ना कुणाच्या कागदावर होती, त्यामुळे उरलेल्यांतून निवड करायची होती. 21 नावं घेतली गेली, त्यांतले पाचच जण पुढे एनएचएलमध्ये खेळले. मॉन्ट्रियलने पहिलं नाव गॅरी मोनाहनचं घेतलं, डेट्रॉइटने दुसरं पीटर महोवलिचचं. सहा वर्षांनी हे दोघे एकमेकांच्या जागी गेले. त्या अदलाबदलीत महोवलिच मॉन्ट्रियलला मिळाला आणि तिथे तो मोठा खेळाडू झाला. पुढच्याच वर्षीची एक निवड याहून बोलकी आहे. 1964 मध्ये बॉस्टनने चौदाव्या क्रमांकावर गोलरक्षक केन ड्रायडनला घेतलं आणि काही दिवसांतच मॉन्ट्रियलला देऊन टाकलं. बदल्यात आलेली दोन्ही मुलं एनएचएलमध्ये कधी खेळली नाहीत. ड्रायडन कॉर्नेल विद्यापीठात शिकायला गेला, आणि मॉन्ट्रियलने वाट पाहिली. 1971 मध्ये तो संघात आला आणि त्याच मोसमात संघाने स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकला.

1967 मध्ये सहा संघांचे बारा झाले. ज्युनियर संघ पोसण्याची पद्धत मोडीत निघाली, आणि 1969 च्या ड्राफ्टमध्ये पहिल्यांदा पात्र वयाचे सगळे हौशी खेळाडू खुले झाले. त्या वर्षी 84 नावं निघाली. मॉन्ट्रियलला आणखी एक खास सवलत होती : इतरांच्या आधी दोन फ्रेंच-कॅनेडियन मुलं उचलण्याची. रेजाँ हूल आणि मार्क तार्दिफ यांच्यासाठी त्यांनी ती शेवटची वापरली. त्याच ड्राफ्टमध्ये बॉबी क्लार्कला मधुमेह आहे म्हणून संघामागून संघ त्याला टाळत गेले. फिलाडेल्फियाने त्याला सतराव्या क्रमांकावर घेतलं, आणि त्याच्या नेतृत्वाखाली 1974 व 1975 असे लागोपाठ दोन स्टॅन्ली कप जिंकले.

सवलत संपल्यावर मॉन्ट्रियलचे व्यवस्थापक सॅम पोलॉक यांनी दुसरी वाट शोधली. ड्राफ्टमधली पाळी विकत घेता येते, हे त्यांनी इतर कुणाहीपेक्षा आधी ओळखलं होतं. क्यूबेकचा गी लाफ्लर 1971 मध्ये ड्राफ्टला येणार हे दिसत असताना, 1970 मध्येच त्यांनी कॅलिफोर्नियाच्या कमकुवत संघाकडून त्यांची पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीतली पाळी मिळवली. कॅलिफोर्निया खरोखरच तळाला गेला आणि लाफ्लर मॉन्ट्रियलचा झाला. पण त्या पुढच्या तीन वर्षांचं बोलणं फारसं होत नाही. लाफ्लरने पहिल्या तीनही मोसमांत तिसाच्या आतच गोल केले आणि लोक निराश झाले. मॉन्ट्रियलकडे इतर दमदार खेळाडू होते, त्यामुळे सगळा भार त्याच्यावर टाकावा लागला नाही. चौथ्या मोसमात त्याने 53 गोल केले.

वयाची मर्यादा खाली आली ती स्पर्धेमुळे. 1972 मध्ये सुरू झालेल्या वर्ल्ड हॉकी असोसिएशनने एनएचएलची 20 वर्षांची अट झुगारून पोरसवदा खेळाडूंशी करार केले. वेन ग्रेट्झ्की 1978 मध्ये 17 व्या वर्षी असाच व्यावसायिक झाला, म्हणून या खेळातला सर्वांत मोठा खेळाडू एनएचएलच्या ड्राफ्टमध्ये कधी निवडलाच गेला नाही. 1979 मध्ये ती लीग विलीन झाली, ड्राफ्टच्या नावातून ‘अमॅच्युअर’ गेलं, आणि 1980 पासून 18 वर्षांची मुलं पात्र ठरली. ड्राफ्ट लोकांसाठी खुलाही त्याच वर्षी झाला.

वय खाली आल्यावर अंदाज चुकण्याची शक्यता वाढली, आणि इथे डेट्रॉइटची गोष्ट सविस्तर सांगायला हवी. 1989 मध्ये त्यांनी तिसऱ्या फेरीत स्वीडनचा निक्लास लिडस्ट्रॉम, चौथ्या फेरीत सोव्हिएत संघाचा सर्गेई फेदोरोव्ह आणि अकराव्या फेरीत व्लादिमिर कॉन्स्टान्टिनोव्ह असे तिघे घेतले. सोव्हिएत खेळाडू देशाबाहेर पडतील की नाही, याचीच तेव्हा खात्री नव्हती. फेदोरोव्ह 1990 मध्ये गुडविल गेम्ससाठी अमेरिकेत आला असताना संघ सोडून डेट्रॉइटला निघून गेला. लिडस्ट्रॉम आणखी दोन वर्षं स्वीडनमध्येच खेळला, 1991 मध्ये आला, आणि मग 20 मोसमांत सात वेळा लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. डेट्रॉइटचे स्वीडनमधले स्काउट हाकान अँडरसन यांनी पुढे हीच वाट धरली. रशियात दुसऱ्याच एका मुलाला पाहायला गेले असताना त्यांना पावेल दात्सुक दिसला. 1998 मध्ये डेट्रॉइटने त्याला 171 व्या क्रमांकावर घेतलं, तर 1999 मध्ये हेन्रिक झेटरबर्गला 210 व्या. दोघेही अंगाने लहान म्हणून बाकीच्यांच्या यादीत मागे पडलेले. दात्सुक 2001 मध्ये आला, झेटरबर्ग 2002 मध्ये. तोवर ते आपापल्या देशात, आपापल्या भाषेत, मोठ्या माणसांच्या लीगमध्ये खेळत होते, आणि डेट्रॉइटला त्यांची घाई नव्हती. व्यवस्थापक केन हॉलंड यांचं धोरण असं की मुलगा तयार झाल्यावरही त्याला थोडं आणखी पिकू द्यावं. 1991 ते 2016 अशी सलग 25 वर्षं हा संघ प्लेऑफमध्ये पोचला.

चांगले संघ वर्षानुवर्षं उशिराच्या पाळीवर असतात, तर तळच्यांना पहिली पाळी मिळते. त्यामुळे मुद्दाम हरण्याचा मोह होतो. 1993 मध्ये ओटावाबद्दल असा संशय आल्यावर लीगने 1995 पासून पाळी ठरवायला सोडत आणली. सोडतीचा फटका पुढे डेट्रॉइटलाही बसला : 2019-20 मध्ये ते 71 सामन्यांत 17 विजयांसह सपाटून तळाला होते, तरी पाळी चौथी आली. त्या पाळीवर त्यांनी लुकास रेमंडला घेतलं.

मधल्या वर्षांसाठीची व्यवस्थाही हळूहळू बांधली गेली. प्रत्येक एनएचएल संघाला अमेरिकन हॉकी लीगमध्ये जोडीचा संघ असतो. डेट्रॉइटचा ग्रँड रॅपिड्समध्ये आहे. कॅनडाच्या ज्युनियर लीगमधून आलेल्या मुलावर मात्र जाचक बंधन राहिलं आहे. 18-19 व्या वर्षी त्याला या जोडसंघात पाठवता येत नाही : एक तर थेट एनएचएल, नाहीतर परत ज्युनियर. ज्युनियर संघांचे तारे जाऊ नयेत म्हणून केलेला हा करार. ज्या मुलाला खाली आव्हान उरलेलं नाही आणि वर जागा नाही, त्याचं वर्ष यात वाया जातं. युरोपातून निवडलेल्याला ही अडचण नाही. जर्मनीचा मोरित्झ सायडर 2019 मध्ये सहाव्या क्रमांकावर निवडला गेला, तेव्हा अनेक जाणकारांना धक्का बसला होता. डेट्रॉइटने त्याला एक वर्ष ग्रँड रॅपिड्सला ठेवलं, मग एक वर्ष स्वीडनच्या रोग्ले संघात, आणि 2021 मध्ये वर आणलं. पहिल्याच मोसमात तो लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला.

ड्राफ्टमधून निसटलेल्यांनाही याच मधल्या पायरीचा आधार असतो. कॅनडातल्या सरे शहरातल्या पंजाबी कुटुंबातल्या अर्शदीप बैन्सला कुणीच निवडलं नव्हतं. 2021-22 मध्ये वेस्टर्न हॉकी लीग या ज्युनियर लीगमध्ये सर्वाधिक गुण मिळवल्यावर व्हँकुव्हरने त्याला करार दिला आणि ॲबट्सफोर्डच्या जोडसंघात घडवलं. 2025 मध्ये ॲबट्सफोर्डने काल्डर कप, म्हणजे अमेरिकन हॉकी लीगचं विजेतेपद, जिंकला तेव्हा प्रशिक्षक होते भारतीय वडिलांचे पुत्र मॅनी मल्होत्रा, जे स्वतः 1998 च्या ड्राफ्टमध्ये सातव्या क्रमांकावर निवडले गेले होते.

आता चौकट पुन्हा हलते आहे. ऑगस्ट 2025 पासून कॅनडाच्या ज्युनियर लीगमध्ये खेळलेल्या मुलांना अमेरिकी विद्यापीठांच्या हॉकीची दारं उघडली आहेत. पूर्वी ज्युनियरमध्ये गेलं की हा रस्ता बंद व्हायचा आणि पंधरा-सोळाव्या वर्षीच एक वाट पत्करावी लागायची. एकोणीस वर्षांच्या ज्युनियर खेळाडूंचं बंधनही लीग आणि खेळाडू संघटनेच्या नव्या करारात सैल करायचं ठरलं आहे.