ॲपलच्या टॅब्लेटविषयीच्या अटकळी

ॲपल ही अमेरिकन कंपनी मोठ्या टचस्क्रीनचा, कीबोर्ड नसलेला संगणक, म्हणजेच टॅब्लेट, आणणार, अशी कुणकुण अनेक वर्षे अधूनमधून कानावर येत असे. २००९ च्या मध्यापासून २७ जानेवारी २०१० च्या अनावरणापर्यंत या चर्चेला उधाण आले. असे काही यंत्र आहे, हेही कंपनीने या काळात कबूल केले नव्हते. तरीही त्याचे नाव, आकार, किंमत आणि मुख्य म्हणजे उपयोग यांविषयी वार्ताहर, शेअर बाजारातले विश्लेषक, प्रकाशक आणि सामान्य ग्राहक भरभरून भाकिते करत होते. पुढे ते यंत्र आयपॅड या नावाने आले. यातली किती भाकिते खरी ठरली हा मुद्दा गौण आहे. न पाहिलेल्या वस्तूकडे कोण कशासाठी डोळे लावून बसले होते, याची ही अस्सल नोंद आहे. ज्याची जी अडचण, तीच या यंत्राने सुटेल असे त्याला वाटत होते.

पार्श्वभूमी : हातात धरून वाचता-लिहिता येईल अशा संगणकाची कल्पना जुनी आहे. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात ॲलन के यांनी १९७२ मध्ये ‘डायनाबुक’ची मांडणी केली. वहीएवढ्या आकाराचा हा संगणक मुलांसाठी होता. मुलांनी त्यावर वाचावे, चित्रे काढावीत आणि स्वतः प्रोग्रॅमही लिहावेत, अशी के यांची अपेक्षा होती. ते यंत्र प्रत्यक्षात कधीच बनले नाही. ॲपलने १९९३ मध्ये ‘न्यूटन’ हे ६९९ डॉलरचे हातात मावणारे यंत्र आणले. त्याला हस्ताक्षर नीट वाचता येईना, त्यामुळे त्याची जाहीर टिंगल झाली. कंपनीत परतलेले सहसंस्थापक स्टीव्ह जॉब्झ यांनी १९९८ मध्ये ते बंद केले.

मायक्रोसॉफ्टचा प्रयत्न याहून मोठा होता. पाच वर्षांत टॅब्लेट हा अमेरिकेतला सर्वाधिक खपाचा संगणक होईल, असे बिल गेट्स यांनी २००१ मध्ये सांगितले आणि २००२ च्या नोव्हेंबरमध्ये ‘टॅब्लेट पीसी’ बाजारात आला. गोदामे, विमा कंपन्या आणि इस्पितळे येथे तो थोडाफार रुळला. घराघरांत मात्र शिरला नाही. माऊससाठी आखलेली विंडोजची बारीक बटणे लेखणीच्या टोकाने टिपणे जिकिरीचे होते. यंत्र जड होते, महाग होते आणि बॅटरी लवकर संपत असे. लोकांना कीबोर्ड हवा असतो, टॅब्लेट काढण्याचा आमचा विचार नाही, असे जॉब्झ यांनी २००३ मध्ये एका परिषदेत स्पष्ट सांगितले होते. प्रत्यक्षात त्या सुमारासच ॲपलमध्ये काचेवर बोटांनी काम करण्याचे प्रयोग सुरू झाले. ते तंत्र आधी फोनसाठी वापरायचे ठरले आणि टॅब्लेट बाजूला ठेवला गेला, हे जॉब्झ यांनी २०१० मध्ये स्वतःच उघड केले.

अटकळींना खरा आधार मिळाला तो २००७ च्या आयफोनमुळे. तोवरचे बहुतेक टचस्क्रीन दाबावर चालत. दोन पातळ थर एकमेकांना टेकले की स्पर्श कळायचा; त्यासाठी नख किंवा काडी लागायची. आयफोनची काच बोटामुळे विद्युतभारात होणारा बदल ओळखत होती आणि एकाच वेळी अनेक बोटांचा माग ठेवत होती. चिमटीने चित्र लहान-मोठे करणे, बोटाच्या हलक्या फटकाऱ्याने पान सरकवणे लोकांना न शिकवता जमले. मग हीच काच मोठी केली तर? पडदा पाच बाय आठ इंचांचा करा, जग तुमचे होईल, असे आपण जॉब्झ यांना त्याच वर्षी सांगितल्याचे के सांगतात. एप्रिल २००८ मध्ये ॲपलने पी. ए. सेमी ही चिप आखणारी छोटी कंपनी विकत घेतली, तेव्हा जाणकारांचा संशय आणखी बळावला.

२००९ हेच वर्ष का : या वर्षी अमेरिकेतले छापील माध्यम आर्थिक मंदीत होरपळत होते. डेन्व्हरचे ‘रॉकी माउंटन न्यूज’ फेब्रुवारीत बंद पडले. ‘सिॲटल पोस्ट-इंटेलिजन्सर’ची छपाई मार्चमध्ये थांबली. ऑक्टोबरमध्ये ‘गूर्मे’ हे पाकविषयक प्रतिष्ठित मासिक बंद करण्याचा निर्णय झाला. इंटरनेटवर बातमी फुकट मिळत होती आणि जाहिरातीचे उत्पन्न आटत होते. दुसरीकडे ॲमेझॉनच्या ‘किंडल’ या ई-पुस्तके वाचण्याच्या यंत्राने लोक पडद्यावर वाचण्यासाठी पैसे मोजतात, हे दाखवून दिले होते. नोव्हेंबर २००७ मध्ये ३९९ डॉलरला आलेला पहिला साठा साडेपाच तासांत संपला. पण किंडलचा पडदा करडा होता. त्यावर ना रंगीत छायाचित्र, ना चित्रफीत, ना नियतकालिकाची मांडणी. रंगीत किंडल कोणी तरी आणावा आणि तो ॲपलने आणावा, ही प्रकाशकांची मनोमन इच्छा होती.

त्याच वेळी नेटबुकची, म्हणजे छोट्या स्वस्त लॅपटॉपची लाट आली होती. पाचशे डॉलरमध्ये चांगला संगणक आम्हाला बनवता येत नाही, या अर्थाचे विधान जॉब्झ यांनी २००८ मध्ये केले होते. मग ॲपल या बाजारात उतरणार तरी कशी, या प्रश्नाला ‘टॅब्लेट’ हे उत्तर अनेकांना सोयीचे वाटले. इतर कंपन्याही स्वस्थ नव्हत्या. मायक्रोसॉफ्टच्या ‘कुरिअर’ या पुस्तकासारख्या उघडणाऱ्या दोन पडद्यांच्या यंत्राची चित्रे सप्टेंबर २००९ मध्ये फुटली. ते बाजारात आलेच नाही. दोनशे डॉलरचा ‘क्रंचपॅड’ भागीदारांच्या भांडणात अडकला आणि ‘जूजू’ या नावाने ४९९ डॉलरला विक्रीस आला.

बातम्या कशा पसरल्या : पडदे पुरवणाऱ्या कंपन्यांकडे आलेल्या मागणीच्या बातम्या तैवानच्या वृत्तपत्रांतून येत. यकृत प्रत्यारोपणानंतर कामावर परतलेले जॉब्झ टॅब्लेटमध्येच गुंतले आहेत, असे ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने ऑगस्ट २००९ मध्ये छापले. ऑक्टोबरमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे संपादक बिल केलर आपल्या सहकाऱ्यांपुढे बोलताना ॲपलच्या येऊ घातलेल्या ‘स्लेट’चा उल्लेख करून गेले. जानेवारी २०१० मध्ये ‘व्हॅलीवॅग’ या संकेतस्थळाने यंत्राच्या छायाचित्रासाठी १०,००० डॉलर आणि तासभर हाताळायला देणाऱ्यास १,००,००० डॉलर देऊ केले. त्यावर ॲपलच्या वकिलांची नोटीस आली. यंत्र खरेच आहे याची याहून पक्की खूण त्या दिवसांत दुसरी नव्हती. अनावरणाच्या आदल्या दिवशी मॅग्रॉ-हिल या पाठ्यपुस्तक कंपनीचे प्रमुख दूरचित्रवाणीवर बोलले आणि टॅब्लेट उद्या येत आहे, तो आयफोनच्याच प्रणालीवर चालेल, असे सांगून मोकळे झाले.

कल्पिलेले उपयोग : सर्वांत ठळक अपेक्षा वाचनाची होती. डिसेंबर २००९ मध्ये ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ने आणि बॉनिए या स्वीडिश प्रकाशनसमूहाने, अस्तित्वात नसलेल्या टॅब्लेटवर मासिक कसे दिसेल याच्या चित्रफिती प्रसिद्ध केल्या. पान बोटाने सरकते, छायाचित्र स्पर्श होताच हलू लागते. त्या आजही पाहण्यासारख्या आहेत. बॉनिएच्या चित्रफितीत तर वाचकाला कुठे थांबावेसे वाटते, मजकुराचा शेवट त्याला कसा जाणवावा, याचाही विचार होता. इतका सखोल विचार प्रत्यक्षात आलेल्या बहुतेक मासिकांत पुढे दिसला नाही. मात्र प्रकाशकांच्या उत्साहाच्या मुळाशी व्यवहार होता. ॲपलच्या आयट्यून्स या ऑनलाइन दुकानाने गाण्यांना ग्राहक मिळवून दिले, तसेच वर्गणीदार टॅब्लेट मिळवून देईल, अशी त्यांची आशा होती.

पाठ्यपुस्तकांची कल्पनाही जोरात होती. जड दप्तर जाईल, पुस्तक दरवर्षी अद्ययावत होईल, आकृती फिरवून पाहता येईल. पण ‘किंडल डीएक्स’ या मोठ्या पडद्याच्या किंडलचा विद्यापीठांतला प्रयोग याच वेळी एका वेगळ्याच कारणाने अडचणीत आला होता. अंध विद्यार्थ्यांना तो वापरता येत नाही, म्हणून अमेरिकेतील अंधांच्या राष्ट्रीय संघटनेने जून २००९ मध्ये ॲरिझोना राज्य विद्यापीठावर दावा लावला. टॅब्लेटची स्वप्ने रंगवणाऱ्या लेखांत या वाचकाची आठवण क्वचितच कोणाला झाली.

डॉक्टर रुग्णाच्या खाटेजवळ केसपेपर पाहतील, चित्रकार पडद्यावर रेखाटतील, प्रवासात सिनेमा पाहता येईल, स्वयंपाकघरात पाककृती समोर उभी ठेवता येईल, असेही तर्क होते. यांतले बरेचसे ‘टॅब्लेट पीसी’च्या जाहिरातींतूनच आलेले होते. यंत्र ॲपलच्या मॅक संगणकाची पूर्ण प्रणाली चालवील की फोनची, यावर वाद सर्वांत कडाक्याचा झाला. व्यावसायिक मंडळींना मॅक हवा होता, कारण त्यांच्या लेखी उपयोग म्हणजे काम.

आक्षेपही याच मुद्द्याभोवती होते. फोन खिशात आहे, लॅपटॉप टेबलावर आहे, मग तिसरे यंत्र कशाला? ते हातात किती वेळ धरणार? त्यावर लांब मजकूर टंकणार कसा? हे प्रश्न अगदी रास्त होते. मात्र बहुतेक जण यंत्राला एखादे काम शोधत राहिले आणि यंत्र वापरताना माणूस कसा बसलेला असेल, इकडे फार थोड्यांनी लक्ष दिले. या साऱ्या चर्चेतली मोठी उणीव हीच, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. दिवसाचे काम आटोपलेला माणूस कोचावर रेलून लॅपटॉप मांडीवर घेतो आणि त्याची ऊब, वजन, उघडलेले झाकण सहन करतो. टॅब्लेटचे आकर्षण या अवघडलेपणातून सुटण्यात होते.

अनावरण : २७ जानेवारी २०१० रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या येर्बा ब्वेना कलाकेंद्रात जॉब्झ यांनी आयपॅड दाखवला. व्यासपीठावर एक आरामखुर्ची ठेवली होती. ते त्यात बसले आणि बराच वेळ बसूनच वेबपाने, टपाल, छायाचित्रे दाखवत राहिले. फोन आणि लॅपटॉप यांच्यामध्ये तिसऱ्या यंत्राला जागा आहे का, हा अटकळींमधला प्रश्न त्यांनी स्वतःच मांडला आणि ज्या मोजक्या गोष्टी त्यावर अधिक चांगल्या व्हायला हव्यात त्या पुढे ठेवल्या. पडदा ९.७ इंच, वजन सुमारे ६८० ग्रॅम, बॅटरी दहा तास. विश्लेषक हजार डॉलरच्या आसपास किंमत सांगत होते. जॉब्झ यांनी पडद्यावर आधी तोच ९९९ चा आकडा दाखवला आणि मग ४९९ जाहीर केली. किमतीची अफवा कंपनीच्या पथ्यावर पडली होती.

पहिली प्रतिक्रिया निराशेची होती. कॅमेरा नाही, वेबपानांवरच्या चित्रफितींना लागणारे ‘फ्लॅश’ सॉफ्टवेअर चालत नाही, एका वेळी एकच ॲप, हा तर मोठा आयपॉड टच (ॲपलचे आयफोनसारखे, पण फोन नसलेले यंत्र), असे म्हटले गेले. ही तुलना बाजारातल्या कोणत्याही वस्तूशी नव्हती, आठ महिने मनात घोळवलेल्या यंत्राशी होती. ३ एप्रिलला विक्री सुरू झाली. पहिल्या दिवशी तीन लाख आणि २८ दिवसांत दहा लाख आयपॅड विकले गेले. आयफोनला दहा लाखांसाठी ७४ दिवस लागले होते.

पुढे काय झाले : प्रकाशकांची आशा फळली नाही. न्यूज कॉर्पोरेशनने खास आयपॅडसाठी काढलेले ‘द डेली’ हे दैनिक फेब्रुवारी २०११ मध्ये सुरू झाले आणि डिसेंबर २०१२ मध्ये बंद पडले. पाच मोठ्या पुस्तक प्रकाशकांशी ॲपलने केलेल्या करारांमुळे अनेक ई-पुस्तकांची किंमत ९.९९ डॉलरवरून १२.९९ ते १४.९९ डॉलरपर्यंत गेली. अमेरिकी सरकारने खटला भरला आणि किमती संगनमताने वाढवल्याचा निकाल जुलै २०१३ मध्ये ॲपलविरुद्ध लागला. लॉस एंजेलिसच्या शाळांनी २०१३ मध्ये हाती घेतलेली प्रत्येक विद्यार्थ्याला आयपॅड देण्याची अवाढव्य योजनाही पुढच्या वर्षी गुंडाळावी लागली.

खरा उपयोग झाला तो वेगळ्याच ठिकाणी. २०११ मध्ये अलास्का एअरलाइन्सने वैमानिकांच्या बॅगेतल्या अकरा किलोंच्या छापील पुस्तिकांच्या जागी आयपॅड दिला. बोलू न शकणाऱ्या मुलांसाठी चित्रावर बोट ठेवताच शब्द उच्चारणारी खास यंत्रे पूर्वी हजारो डॉलरना मिळत. तेच काम टॅब्लेटवरचे ॲप कितीतरी कमी खर्चात करू लागले. पडद्यावरचे वाचून दाखवण्याची सोय आयपॅडमध्ये पहिल्यापासून होती, त्यामुळे अंध वाचकांसाठीही तो उपयोगी ठरला. माऊस आणि फोल्डर यांना बिचकणाऱ्या वृद्धांनी तो आपलासा केला. डेव्हिड हॉकनी यांच्यासारख्या ज्येष्ठ चित्रकाराने त्यावर बोटांनी चित्रे काढली आणि ती कलादालनांत लागली. लेखणीची वाट पाहणाऱ्यांना मात्र ॲपलची पेन्सिल २०१५ मध्ये मिळाली.

भारतातील समांतर अटकळ : याच सुमारास भारतात एका वेगळ्या यंत्राची हवा होती. दहा डॉलरचा, म्हणजे सुमारे पाचशे रुपयांचा लॅपटॉप सरकार आणणार, या बातमीने जगाचे लक्ष वेधले. ३ फेब्रुवारी २००९ रोजी तिरुपतीला प्रत्यक्षात दाखवले गेले ते माहिती साठवण्याचे उपकरण होते. अमेरिकेत वाद होता तो ‘कशासाठी’ यावर. इथे कुतूहल होते ‘केवढ्याला’ याचे. आयपॅड भारतात जानेवारी २०११ मध्ये २७,९०० रुपयांपासून मिळू लागला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सरकारी ‘आकाश’ हा स्वस्त टॅब्लेट आला. त्याचा सात इंची पडदा दाबावर चालणारा होता आणि मंद गतीबद्दल त्याच्यावर टीका झाली. नंतर हा प्रकल्प पवईच्या आयआयटी मुंबईकडे सोपवण्यात आला. नोव्हेंबर २०१२ मधील ‘आकाश २’ला बोटाचा हलका स्पर्श ओळखणारा पडदा आणि दुपटीहून वेगवान प्रोसेसर मिळाला. प्रा. दीपक फाटक यांच्या नेतृत्वाखालील चमूने त्यावर सी व पायथन या प्रोग्रॅमिंग भाषा आणि सायलॅब हे गणिती आकडेमोडीचे सॉफ्टवेअर चालवण्याची सोय केली. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना त्यावरच प्रोग्रॅम लिहून तपासता यावेत, हा त्यामागचा हेतू होता.