इनर्शिया स्विच गाडीत आला कसा (आणि तो डायरेक्ट का करू नये)

मागच्या महिन्यात आमच्या जुन्या सेकंडहँड गाडीचा इनर्शिया स्विच बदलला, म्हणजे गाडी ठोकली की पेट्रोल पंपाचा करंट तोडणारा स्विच. सेल्फ व्यवस्थित मारत होता पण चावी फिरवल्यावर मागून पंपाचा घूं आवाजच येईना, आणि ट्रिम काढून बघितलं तर स्विचच्या कपलरमधलं (वायरींच्या जोडातलं) प्लास्टिक तापून वितळलेलं, एक पिन पार काळी. गॅरेजवाला म्हणाला, "दोन वायरी जोडून डायरेक्ट करून देतो साहेब, काही फरक पडत नाही." फरक पडतो, आणि तो का पडतो हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

कार्ब्युरेटरच्या (हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या यंत्राच्या) जमान्यात या स्विचची गरजच नव्हती. आपल्या कुर्ल्याला बनायची ती प्रीमियर पद्मिनी घ्या, तिचा पंप इंजिनालाच बसवलेला, आत डायफ्राम (लवचिक पडदा), इंजिन फिरलं तरच तो हलणार. गाडी ठोकली, इंजिन बंद पडलं की पंपही बंद, आणि प्रेशर तसंही मामुलीच असायचं.

मग इंजेक्शन आलं, म्हणजे पेट्रोल प्रेशरने फवारून इंजिनात सोडायचं. बॉशची डी-जेट्रॉनिक सिस्टीम १९६७ मध्ये फोक्सवॅगन १६०० ला लागली, पंप इलेक्ट्रिक झाला, प्रेशर साधारण २ बारवर गेलं. म्हणजे पंपाचं इंजिनाशी असलेलं नातंच तुटलं, आता तो बॅटरीवर चालणार, आणि ठोकरीत पाईप फुटला आणि पंप चालूच राहिला तर तापलेल्या एक्झॉस्टवर पेट्रोलचा फवारा. पुढच्या एल-जेट्रॉनिकमध्ये यावर छान उपाय होता, हवा मोजणाऱ्या झडपेतच पंपाचा कॉन्टॅक्ट बसवला, इंजिन हवा ओढत असेल तरच पंप चालणार. पण ठोकरीनंतर इंजिन चालूच राहिलं तर? तिथे ही युक्ती थांबते.

त्याच सुमारास अमेरिकेत अपघातानंतरच्या आगीचा विषय पेटला होता. पेट्रोल गळतीचा ३०१ नंबरचा नियम १९६८ पासूनच होता, तो पुढे मागून बसणाऱ्या धडकेलाही लागू केला, आणि १९७८ मध्ये फोर्डने सुमारे १५ लाख गाड्या परत बोलावल्या, बहुतेक पिंटो ही छोटी गाडी. (पिंटोचा घोळ टाकीच्या जागेचा होता, पंपाचा नाही, हे दोन विषय लोक नेहमी एकत्र करतात.)

इनर्शिया स्विचला इंजिनाशी घेणंदेणंच नाही, त्याला फक्त धक्का कळतो. आत एक पोलादी गोळी, खाली चुंबक, भोवती कोनासारखा उतार. जोरात धक्का बसला की गोळी चुंबकापासून सुटते, उतारावरून वर चढते, वरच्या पट्टीला आपटते आणि पंपाचा करंट तुटतो. ना बॅटरी लागते ना सॉफ्टवेअर. वरचं बटण दाबलं की परत चालू, पण आधी पेट्रोलचा वास येतोय का ते बघायचं!

आपल्याकडे २००० च्या आसपास प्रदूषणाचे नियम कडक झाले, कार्ब्युरेटर गेले, आणि फोर्ड आयकॉन, फियाट पॅलिओ अशा गाड्यांसोबत हा स्विच इथे ओळखीचा झाला. मोठ्या खड्ड्यात आपटून गाडी बंद, सेल्फ मारतोय पण स्टार्ट नाही, टोइंगवाल्याला बोलावलं आणि शेवटी निघालं काय तर एक बटण, असे कितीतरी किस्से त्या काळातले. हळूहळू एअरबॅगचा कंट्रोलरच पंप बंद करायला सांगू लागला, १ जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीचीच झाली, त्यामुळे नव्या गाड्यांत वेगळा स्विच सहसा दिसत नाही. पण आमच्यासारख्या जुन्या गाडीत ते काम करणारं दुसरं कोणी नाही, तिथे वायरी जोडल्या की संपलंच.

म्हणून नवीन स्विच मागवला, कपलरही नवा. बसवताना तो सरळ उभाच हवा, आडवा किंवा ढिला नको, कारण गोळीचा सगळा हिशोब त्या उभेपणावर आहे. फिट करायच्या आधी तळहातावर एकदा जोरात आपटून बघितला, आत टक् झालं आणि बटण वर आलं. दाबलं, बोल्ट कसले, कपलर लावला, चावी फिरवली, आणि मागून पंपाचा घूं आवाज आला.