वाजणारी छाती आणि न फोडलेलं खोकं

"पोट उडतंय बघ पोरीचं," म्हणत आईनं मला उठवलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. पलूस तालुक्यातलं आमचं घर. दिवसभर पलीकडच्या रानात ऊस पेटवून तोड चाललेली, दोरीवरच्या कपड्यांवर काळी राख पडलेली. माझी भाची तेव्हा पावणेदोन वर्षांची होती. दोन दिवस नाक गळत होतं आणि आता श्वास सोडताना छातीतून बारीक शिट्टी येत होती. आधीच्या खेपेला डॉक्टरांनी लिहून दिलेला श्वासातून औषध द्यायचा पंप आणि स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची मास्क लावलेली प्लास्टिकची नळी, कपाटात होता, खोकंही न फोडलेलं. "एवढ्याशा पोरीला पंप? सवय लागंल," असं म्हणत सगळ्यांनी तो ठेवून दिला होता, आणि त्या सगळ्यांत मीही होते. हा लेख त्या खोक्यापायी लिहिते आहे.

लहान मुलांचीच छाती एवढी का वाजते? ज्याच्या रानात ठिबक आहे त्याला हे चटकन कळेल. नळी अरुंद झाली की त्यातून जाणारा प्रवाह नुसता थोडासा कमी होत नाही, कोसळतो. संथ प्रवाहाला होणारा अडथळा नळीची त्रिज्या कमी होईल तसा तिच्या चौथ्या घातानं वाढतो, म्हणजे त्रिज्या निम्मी झाली की अडथळा १६ पट. समजा ४ मिलिमीटर आणि ८ मिलिमीटर रुंदीच्या दोन श्वासनळ्या आहेत आणि सर्दीनं दोन्हींना आतून चारी बाजूंनी १ मिलिमीटर सूज आली. मोठ्या नळीतला अडथळा तिपटीच्या थोडा वर जातो, लहान नळीतला १६ पट होतो. म्हणजे बापाला जी नुसती शिंक, ती लेकराला धाप. त्यात नळीभोवतीचे स्नायू आवळतात, आत चिकट कफ साचतो, आणि त्या फटीतून हवा बाहेर पडताना शिट्टी वाजते.

या वयात ही सूज बहुतेक वेळा विषाणूंमुळे येते. सर्दीचा ऱ्हायनोव्हायरस आणि लहान बाळांच्या छातीत उतरणारा आरएसव्ही हे त्यातले नेहमीचे दोन विषाणू. म्हणूनच प्रत्येक खेपेला अँटिबायोटिक मागण्यात अर्थ नसतो, ते विषाणूवर चालत नाही.

डॉक्टर लगेच 'दमा' म्हणत नाहीत, 'बाळदमा' म्हणतात किंवा 'बघू' म्हणतात, याचा घरच्यांना राग येतो. पण त्यांची अडचण खरी आहे. दम्याची फुंकर मारायची तपासणी साधारण पाच-सहा वर्षांच्या आधी मुलांना जमतच नाही. आणि बहुतेक मुलांची शिट्टी पुढे थांबते. अमेरिकेत ॲरिझोनातल्या टुसॉन शहरात १९८० पासून हजारावर बाळांचा जन्मापासून पाठपुरावा झाला. १९९५ साली छापलेल्या निष्कर्षानुसार पहिल्या तीन वर्षांत छाती वाजलेल्या मुलांपैकी सुमारे ६० टक्के मुलांची छाती सहाव्या वर्षी वाजत नव्हती. आई किंवा वडिलांना दमा असेल, अंगावर इसब असेल, सर्दी नसतानाही हसताना-धावताना शिट्टी येत असेल, तर मात्र तो त्रास टिकण्याची शक्यता जास्त.

आता पंप. सवय लागते ती दारू-तंबाखूची. पंपातल्या साल्बुटामॉल या औषधाचं तसं व्यसन लागत नाही, ते आवळलेले स्नायू सैल करतं, एवढंच. आपल्याकडे तेच औषध पातळ स्वरूपात बिनधास्त पाजलं जातं. नेहमीच्या बाटलीतल्या ५ मिलिलिटरमध्ये ते २ मिलिग्रॅम असतं, आणि पंपाच्या एका फवाऱ्यात ०.१ मिलिग्रॅम. म्हणजे चमचाभर औषध हे २० फवाऱ्यांइतकं. ते पोटातून रक्तात, रक्तातून सगळ्या अंगात फिरतं, म्हणून हात थरथरतात, छाती धडधडते. फवारा मात्र थेट जिथे आवळलंय तिथे जातो. पंपाला घाबरून बाटली देणारे आपण मुलाला उलट जास्त औषध देत असतो.

ज्यांना वरचेवर त्रास होतो त्यांना रोजचा स्टेरॉइडचा पंप सांगतात. त्याच्या नावानं तर अंगावर काटाच येतो. वर्षानुवर्षं घेतला तर उंचीत साधारण एक सेंटीमीटरचा फरक पडू शकतो, हे खरं आहे आणि ते लपवू नये. पण रात्र-रात्र न झोपणाऱ्या, दर महिन्याला दवाखान्यात जाणाऱ्या मुलाच्या पारड्यात हे घालून बघा.

स्पेसर नसेल तर लहान मुलाला पंपाचा उपयोग जवळजवळ नाहीच. मास्क नाका-तोंडावर घट्ट बसवायचा, पंप हलवायचा, एका वेळी एकच फवारा, पाच-सहा श्वास होऊ द्यायचे, मग पुढचा. मूल भोकाड पसरून रडत असेल तर औषध छातीत फार कमी पोचतं. म्हणून आधी बाहुलीला, मग मामाला मास्क लावून खेळ करावा. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुवून तसाच वाळू द्यायचा. फडक्यानं पुसला तर स्थिर वीज तयार होते आणि औषध प्लास्टिकलाच चिकटून बसतं.

ॲलर्जीचं बोलायचं तर घरात पहिलं नाव वाकळेचं. गाद्या, उशा, वाकळा यांत धुळीतले माइट नावाचे बारीक जीव राहतात, जेमतेम ०.२५ ते ०.३ मिलिमीटरचे. आपल्या त्वचेचा झडलेला कोंडा खाऊन ते जगतात, आणि त्रास देते ती त्यांची विष्ठा. त्यांना दमट हवा लागते, म्हणून पावसाळ्यानंतर ते वाढलेले असतात. घट बसण्याआधी सगळी अंथरुणं नदीवर नेऊन धुण्याची आपली रीत नेमकी त्याच वेळी येते. पण वर्षातून एकदा पुरत नाही. मुलाचं अंथरूण आठवड्याला कडक गरम पाण्यात धुवावं आणि उन्हात खडखडीत वाळवावं.

धुराबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. पेटलेला फड आपल्या हातात नसतो, तिकडची खिडकी लावणं असतं. पण स्वयंपाक गॅसवर आणि अंघोळीचं पाणी मात्र न्हाणीजवळच्या चुलीवर, हे आजही कितीतरी घरांत आहे, आणि बाळाला न्हाऊ घालतात तेही तिथेच. त्यावर ओवा-वावडिंगाची धुरी. प्रेमानं दिलेली असली तरी सुजलेल्या नळीला तो धूरच असतो. डासांची एक अख्खी कॉइल जळताना जेवढे सूक्ष्म कण सोडते, ते ७५ ते १३७ सिगारेटींएवढे भरतात, असं २००३ साली छापलेल्या एका अभ्यासात मोजलं गेलं. मच्छरदाणी लावा. छातीला कापूर चोळणंही दोन वर्षांखालच्या मुलांना नकोच.

केळी, दही, भात बंद करून मात्र काही साधत नाही. अन्नाच्या ॲलर्जीत बहुधा अंगावर गांधी, ओठाला सूज किंवा उलटी असं काहीतरी सोबत दिसतं.

एक गोष्ट वेगळी ओळखायची. सर्दी नाही, काही नाही, खेळता-खेळता मूल अचानक ठसकलं आणि मग छाती वाजू लागली, तर शेंगदाणा नाहीतर हरभरा श्वासनळीत गेलेला असू शकतो. तिथे पंपानं काम होत नाही, तडक दवाखाना गाठायचा. शेंगा फोडायच्या दिवसांत लहानग्यांना अंगणात एकटं सोडू नये.

आणि श्वास मोजायला शिकावं. मूल शांत असताना, पोटाकडे बघत, पूर्ण एक मिनिट. वर्षाच्या वरच्या मुलाचे मिनिटाला ४० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षाच्या बाळाचे ५० किंवा जास्त, म्हणजे श्वास वेगानं चाललाय. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, दूध-पाणी पिता येत नसेल, ओठ निळे पडले असतील किंवा मूल मलूल झालं असेल, तर १०८ ला फोन, आणि वाटेतही डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे फवारे चालू ठेवायचे.

त्या रात्री खोकं फोडलं. सूचना वाचत, चुकत-माकत दोन फवारे दिले. आता त्या सूचना मी मोठ्या मराठी अक्षरांत लिहून फडताळाच्या दाराला चिकटवल्यात, कारण दिवसा ताई-दाजी रानात असतात आणि पोर आईपाशी. परवा फोन केला तर मागून आईचा आवाज येत होता, "चार... पाच... झालं गं माझ्या बाय, आता दुसरा."