आभाळातून आलेलं 'याहू'

गेल्या पोळ्याला गावी गेलो होतो. आमचं घर वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात. पुतण्यानं मोबाईलवर १९६१च्या 'जंगली'मधलं ते 'याहू'वालं गाणं लावलं आणि मोठ्या बाबांपुढे धरलं. आवाज स्वच्छ, खरखर नावाला नाही. मोठ्या बाबांनी अर्धं गाणं ऐकलं आणि म्हणाले, "हे ते गानं नोहे. याच्यात ते येनं-जानं नाही." मग जरा थांबून, "तवा हवा साफ होती, सिलोन इथं लागे. आता या टावरायनं पुरी हवा नासवली."

टॉवरबद्दलचं हे बोलणं मी बऱ्याच गावांतून ऐकलंय आणि ते चूक आहे. त्याआधीचं, आवाजाच्या येण्याजाण्याचं वाक्य मात्र शंभर टक्के खरं आहे. दोन्हींचा उलगडा आपल्या डोक्यावर, साठ ते तीनशे किलोमीटर उंचीवर होतो, म्हणून हा लेख.

मोठे बाबा तेव्हा विशीतले. कपाशीच्या जागलीला वावरात जाताना खांद्याला ट्रान्झिस्टर, चामड्याच्या भोकाभोकांच्या कव्हरात. सेल उतरले की दिवसभर उन्हात ठेवायचे. १९५२मध्ये केंद्रीय मंत्री बाळकृष्ण केसकरांच्या धोरणामुळे सिनेमाची गाणी आकाशवाणीवरून जवळपास हद्दपार झाली आणि सगळा श्रोता श्रीलंकेतल्या कोलंबोहून लागणाऱ्या रेडिओ सिलोनकडे वळला. १९५७ला विविध भारती आली, तरी बुधवारी रात्री आठ वाजता 'बिनाका गीतमाला'तला अमीन सायानींचा आवाज ऐकायला सुई सिलोनवरच जायची. कोलंबो ते आर्वी सरळ अंतर दीड हजार किलोमीटरांहून जास्त. पृथ्वी गोल, रेडिओलहरी सरळ जाणाऱ्या. मग गाणं धुऱ्यावर पोचायचं कसं?

सूर्याची अतिनील किरणं आणि क्ष-किरणं वरच्या विरळ हवेवर पडतात आणि तिथल्या अणू-रेणूंतून इलेक्ट्रॉन सुटे होतात. या सुट्या इलेक्ट्रॉनांच्या पट्ट्याला आयनांबर म्हणतात. १९२४मध्ये इंग्लंडात एडवर्ड ॲपलटन यांनी प्रयोगानं तो पक्का केला, त्यासाठी १९४७चं नोबेल त्यांना मिळालं. आपल्याकडे कलकत्त्यात शिशिरकुमार मित्रांनी याच आयनांबरावर आयुष्य वेचलं. मराठी शाळेच्या पुस्तकांत त्यांचं नाव ठळक असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आता त्या इलेक्ट्रॉनाकडे नीट बघू. ४१ मीटर बँडची, म्हणजे सिलोन लागायचं त्या शॉर्टवेव्ह पट्ट्यातली लहर त्याच्यापाशी आली, की तो सेकंदाला ७० लाखांहून जास्त वेळा मागेपुढे हलतो. हलणारा इलेक्ट्रॉन स्वतःही लहर सोडतो. मूळ लहर आणि असंख्य इलेक्ट्रॉनांनी सोडलेल्या लहरी एकत्र आल्या की लहरीची दिशा किंचित वाकते. वर जावं तसे इलेक्ट्रॉन दाट होतात, त्यामुळे ती आणखी वाकते आणि शेवटी खाली वळते. आरशावर आपटून परतावं तसं हे होत नाही. उन्हाळ्यात डांबरी सडकेवर पाणी चमकल्यासारखं दिसतं, तिथे प्रकाश जसा हळूहळू वळतो, तसं हे वळण.

किती इलेक्ट्रॉन पुरतात? एका घनमीटरातल्या इलेक्ट्रॉनांच्या संख्येचं वर्गमूळ काढा आणि नऊनं गुणा. एक लाख कोटी इलेक्ट्रॉन असतील तर वर्गमूळ दहा लाख, गुणाकार ९० लाख हर्ट्झ (सेकंदाला ९० लाख कंपनं), म्हणजे ९ मेगाहर्ट्झ. सरळ वर सोडलेली याहून कमी वारंवारतेची लहर परत येते. तिरपी सोडली तर ही मर्यादा वाढते. कोलंबोहून क्षितिजापासून वीस अंशांच्या आत निघून आपल्याकडे उतरणाऱ्या लहरीसाठी ती दुपटीहून जास्त होते. सिलोनचं ७ मेगाहर्ट्झ त्यात आरामात बसायचं. मोबाईलच्या लहरी शेकडो, हजारो मेगाहर्ट्झच्या. त्या आयनांबरातून आरपार निघून जातात, त्याला नासवत नाहीत. सिलोनसारखी स्टेशनं आता लागत नाहीत, कारण शॉर्टवेव्हची बरीच केंद्रंच बंद झाली, आणि घरातले एलईडी बल्ब, चार्जर, इन्व्हर्टर रेडिओत खरखर ओततात.

मग रात्रीच का लागायचं? आयनांबराचा सगळ्यात खालचा डी थर साठ ते नव्वद किलोमीटरांवर असतो. तिथे हवा त्या मानानं दाट. रिकाम्या वावरात दोरी गरगर फिरवता येते, आठवडी बाजारात फिरवली तर चौघांना लागून थांबते. डी थरातला इलेक्ट्रॉन लहरीच्या तालावर हलायला लागतो तोच शेजारच्या रेणूवर आदळतो आणि लहरीची ऊर्जा उष्णता होऊन जाते. दिवसा मिडियम वेव्ह तर इथेच जिरते, शॉर्टवेव्हही बरीच अशक्त होते. सूर्य बुडाला की त्याच दाटीमुळे डी थरातले इलेक्ट्रॉन झटपट आयनांना जाऊन चिकटतात आणि थर विरतो. तीनशे किलोमीटरांवरच्या एफ थरात मात्र हवा इतकी विरळ, की इलेक्ट्रॉनाला जोडीदार सापडायला तासन्‌तास लागतात. म्हणून तो रात्रभर टिकतो. दिवेलागणीला खालचा अडसर निघायचा आणि वरची वाट उघडी राहायची.

खग्रास ग्रहणातही भरदिवसा डी थर पातळ होतो आणि मिडियम वेव्हवर लांबची स्टेशनं लागू शकतात. १६ फेब्रुवारी १९८०च्या ग्रहणाला लोक दारं लावून बसले, गरोदर बायकांना तर हलू दिलं नाही. भीती दाखवणाऱ्यांनी या देशाचं फार नुकसान केलंय. त्या दुपारी पोरांच्या हाती रेडिओ देऊन सुई फिरवायला सांगायला हवं होतं.

राहिलं ते 'येनं-जानं'. कोलंबोहून निघालेली लहर एकाच वाटेनं येत नाही. एक वाट एका टप्प्याची, दुसरी दोन टप्प्यांची, शिवाय थरही सारखा हलता. ४१ मीटरच्या लहरीत एका वाटेची लांबी दुसरीच्या मानानं वीसएक मीटरनं बदलली, की एकीचा चढ दुसरीच्या उतारावर पडतो आणि आवाज बुडतो. तीनशे किलोमीटरांवरचा थर दहा-पंधरा मीटर वरखाली झाला, की एवढा फरक पडतो. पुन्हा हलला की रफी पुन्हा वर येतात.

त्या बुडालेल्या क्षणांत ऐकणारा काय करायचा? २००५मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या संशोधकांनी ओळखीच्या गाण्यांत मध्येमध्ये शांततेचे तुकडे घातले आणि ऐकणाऱ्यांच्या मेंदूचं चित्रण केलं. आवाज नसतानाही मेंदूचा श्रवणाचा भाग काम करत राहिला. गाणं चालूच होतं, असं ऐकणाऱ्यांनी सांगितलं. निबंध 'नेचर'मध्ये आला होता.

मी पुतण्याच्या हातून मोबाईल घेतला, गाणं पहिल्यापासून लावलं आणि 'याहू' यायच्या जरा आधी आवाज बंद केला. पडद्यावर सेकंद सरकत होते. मोठ्या बाबांची बोटं बाजेच्या पाटीवर ताल धरून होती, मान थोडी उजवीकडे, रेडिओला कान लावायचे तशी. मग त्यांनी आरोळी ठोकली. गोठ्यातला, झूल पांघरलेला बैल दचकून उठला. मी आवाज सोडला तेव्हा गाणं आणि ते एकाच शब्दावर होते.