लॅपटॉप ओव्हरक्लॉक करायच्या आधी वाचा, आणि केलेला असेल तर आम्हाला सांगा

हल्ली काउंटरवर सारखं एकच विचारणं चाललंय, लॅपटॉप स्लो झालाय, ओव्हरक्लॉक करून देता का, म्हणजे प्रोसेसर ठरवून दिलेल्या स्पीडच्या वर पळवून देता का. इंजिनिअरिंगची पोरं विचारतात, लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे विचारतात, आणि आता तर घरी नातवाने सांगितलं म्हणून पेन्शनर काका पण विचारायला लागलेत. उभ्या उभ्या सगळं समजावणं होत नाही, मागे माणसं थांबलेली असतात, म्हणून हा कागद. घरी घेऊन जा आणि निवांत वाचा.

सरळ उत्तर असं की साध्या लॅपटॉपला आम्ही ओव्हरक्लॉक करत नाही, कारण बहुतेकांत ते होतच नाही. इंटेलच्या प्रोसेसरच्या नंबरात शेवटी यू, पी किंवा नुसतं एच असेल तर त्याचा मल्टिप्लायर, म्हणजे स्पीड ठरवणारा आकडा, सहसा कारखान्यातूनच लॉक होऊन येतो. एचके आणि बरेचसे एचएक्स उघडे असतात, पण ते जाडजूड गेमिंग लॅपटॉपात बसतात, कॉलेजला बॅगेतून न्यायच्या लॅपटॉपात नाही. आणि खरी गोष्ट ही की तुमचा लॅपटॉप स्वतःहून वर चढतोच. बऱ्याच जणांकडे अजून आय-फाइव्ह ८२५०यू आहे, त्याचा बेस स्पीड १.६ गिगाहर्ट्झ आणि टर्बो, म्हणजे गरज पडली की स्वतःहून गाठायचा वरचा स्पीड, ३.४, म्हणजे दुपटीच्या वर. तो वरचा स्पीड तुम्ही पैसे मोजून घेतलेलाच आहे. फक्त तो टिकत नाही, कारण प्रोसेसर १०० डिग्रीच्या जवळ पोचला की स्वतःला वाचवायला खाली येतो. वर अजून व्होल्टेज चढवला तर उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबाने वाढते, म्हणजे थोड्या स्पीडसाठी भरपूर ताप, आणि काढणार कोण, तर एक बारकासा पंखा आणि एक पातळ तांब्याची नळी. ताप आलेल्या माणसाला अजून जोरात पळ म्हणून सांगण्यासारखं आहे ते.

मग स्पीड जातो कुठे, ते बघायचं असेल तर तुमचाच लॅपटॉप तुमच्यासमोर उघडून दाखवतो. वरून पंखा चकचकीत दिसतो, लोक ब्लोअर मारून खूश होतात. पण पंखा काढला की त्याच्या आणि हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या, पात्यांच्या मधे धुळीची नि कापसाची घट्ट गादी बसलेली असते, चिमट्याने अख्खी पट्टीच निघते, आणि तेवढ्यानेच वाट बंद झालेली असते. डिचोली साखळीकडून येणाऱ्यांत ती तांबडी असते, कळंगुट हणजूणकडच्यांत स्क्रू गंजलेले आणि तांब्यावर हिरवट थर, खाऱ्या हवेमुळे. थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता हीटसिंकला पोचवणारा मधला लेप, तर तीन-चार वर्षांच्या लॅपटॉपात सुकून खडूसारखी झालेली असते. हे साफ केलं, पेस्ट नवीन लावली की तोच लॅपटॉप टर्बोवर जास्त वेळ राहतो. कामाच्या आधीचं आणि नंतरचं टेंपरेचर आम्ही स्क्रीनवर दाखवूनच लॅपटॉप परत देतो, नुसतं तोंडी सांगत नाही.

दुसरं कारण चार्जर, आणि हे कोणाच्याच डोक्यात येत नाही. पावसाळ्यात आपल्याकडे लाईट कशी येते जाते ते माहीत आहेच, चार्जर जळतो, मग स्वस्तातला डुप्लिकेट आणला जातो. काही लॅपटॉप चार्जर ओळखीचा आहे का ते मधल्या बारीक पिनेवरून तपासतात, ओळख पटली नाही तर प्रोसेसरला मुद्दाम खाली दाबून ठेवतात. टास्क मॅनेजरमधे परफॉर्मन्स उघडा, काम चालू असताना स्पीड ०.४ किंवा ०.८ च्या आसपास अडकलेला दिसला तर आधी चार्जर बदलून बघा. हे दुकानात आणायची पण गरज नाही.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हा कागद लिहिला. व्हिडिओ बघून सेटिंग बदललेली असते आणि आम्हाला सांगितलं जात नाही. "काय केलं होतं का?" "नाही, आपोआपच झालं."

एक नेहमीचा प्रकार सांगतो. लॅपटॉप चालू होतो, पासवर्ड घेतो, दोन मिनिटांत निळी स्क्रीन. आम्हाला रॅमचा संशय येतो, रॅमची टेस्ट रात्रभर लावतो, पास होते, कारण ती टेस्ट पेनड्राइव्हवरून विंडोजच्या बाहेर चालते. सेफ मोडमधे पण ठीक. मग एसएसडी तपासा, ड्रायव्हर तपासा, आणि शेवटी टास्क शेड्युलरमधे थ्रॉटलस्टॉप सापडतं, प्रोसेसरचा स्पीड नि व्होल्टेज बदलायचं सॉफ्टवेअर, लॉगिन झालं की गुपचूप चालू होणारं, आणि व्होल्टेज इतका खाली ओढलेला की प्रोसेसर तग धरत नाही. दोन मिनिटांचं काम, पण तुमचा लॅपटॉप दोन दिवस आमच्याकडे, आणि मागच्या माणसाचं काम पण अडकलं. विंडोजच्या एमएसकॉन्फिग नावाच्या सेटिंगमधल्या मॅक्सिमम मेमरीचं तसंच. तिथे टिक केल्याने स्पीड वाढत नाही, विंडोजला रॅम कमी वापरायला सांगितलं जातं, आकडा चुकला तर लॅपटॉप चालूच होत नाही. आणि फॉरमॅट मारून बायोसमधलं काही मूळ जागेवर येत नाही, ते विंडोजच्या आधी चालू होणारं, बोर्डावरच्या चिपमधलं वेगळं सॉफ्टवेअर असतं.

अंडरव्होल्ट म्हणजे व्होल्टेज थोडा कमी करणं, ही गोष्ट वाईट नाही, जिथे चालते तिथे उष्णता खरंच कमी होते. पण डिसेंबर २०१९ मधे प्लंडरव्होल्ट नावाचा सिक्युरिटीचा दोष बाहेर आला, त्यानंतर बऱ्याच कंपन्यांनी बायोस अपडेटमधून ती सोय बंद केली. म्हणून मित्राच्या लॅपटॉपात चालतं आणि तुमच्यात चालत नाही. ती उघडायला कुठूनतरी जुना बायोस उतरवून टाकू नका. मधेच लाईट गेली आणि बॅटरी पण संपलेली असली तर बोर्ड मुका होतो, मग चिपवर क्लिप लावून बायोस परत लिहावा लागतो. ते आम्ही करतो, पण खर्च तुम्हाला नको वाटेल असा असतो.

बायोसमधे हात घालायच्या आधी अजून एक. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपांत डिस्क एन्क्रिप्ट असते, म्हणजे कुलूपबंद, आणि बायोसमधलं सिक्युअर बूट किंवा टीपीएम ही सुरक्षेची सेटिंग हलली की बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं ते कुलूप, ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागतं. ती बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधे असते. अकाउंट कोणाच्या नावाने काढलं, पासवर्ड काय, हे आठवत नसेल तर फोटो नि प्रोजेक्ट आम्हीच काय, कोणीच काढून देऊ शकत नाही. त्या वेळी गिऱ्हाइकाचा चेहरा बघवत नाही, म्हणून आजच ती की कागदावर लिहून घरी ठेवा.

तपासणीचे पैसे का घेता असं काही जण विचारतात. दुरुस्ती केली तर ते बिलातून वजा करतो, नाही केली तर घेतो, कारण शोधणं हेच अर्धं काम आहे. आणि लॅपटॉप एक रात्र ठेवून घेतो ते फुल लोडवर चालवून बघायला, घरी नेल्यावर परत बंद पडू नये म्हणून.

खरा फरक हवा असेल तर पैसे इथे घाला: हार्डडिस्क असेल तर एसएसडी, आणि रॅमची एकच पट्टी असेल तर जोडीची दुसरी, म्हणजे ड्युअल चॅनल होतं, दोन्ही पट्ट्या एकदम काम करतात, आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपला एडिटिंगमधे ते जाणवतं. काहींत रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, तिथे काही होत नाही, आम्ही उघडून बघून आधी तसं सांगतो. दोन्ही वस्तू दुकानात असतात, बिल आणि वॉरंटीसकट, आणि बाहेरून आणलीत तरी बसवून देतो.

येताना चार्जर घेऊन या, जो रोज वापरता तोच. डेटाची कॉपी काढून ठेवा. स्लिपवर "काय बदललं" असा रकाना आहे, तिथे जे केलं ते लिहा, सॉफ्टवेअरचं नाव आठवत नसेल तर बघितलेला व्हिडिओ दाखवला तरी चालेल, कोणी रागावणार नाही. शुक्रवारी म्हापशाचा बाजार असतो, गाडी लावायला जागा मिळत नाही, तेव्हा जमलं तर दुसऱ्या कुठल्यातरी वारी या. आणि साफसफाई करायची असेल तर चतुर्थीच्या आधल्या आठवड्यावर टाकू नका, तेव्हा सगळे एकदम येतात.