सकीफाच्या छपराखाली: पहिला खलिफा कसा ठरला

जून ६३२. मदिनेत प्रेषित मुहम्मद यांचं निधन झालं होतं आणि दफनविधी अजून व्हायचा होता. जावई आणि चुलतभाऊ अली, चुलते अब्बास आणि घरची माणसं पार्थिवाजवळ होती. त्याच वेळी गावात दुसरीकडे, बनू साइदा कुळाच्या सकीफात बैठक भरली होती, प्रेषितांनंतर खलिफा, म्हणजे मुसलमानांचा पुढारी, कोण हे ठरवायला. सकीफा म्हणजे छप्पर घातलेली बसायची जागा, आपल्याकडच्या चावडीसारखी. पुढारी होते मदिनेच्या खजरज टोळीचे साद इब्न उबादा, पण ते आजारी. अंगावर पांघरूण घेऊन बसलेले, आवाज सगळ्यांपर्यंत पोचेना. ते हळू बोलत आणि जवळचा एक माणूस तेच वाक्य मोठ्याने सांगत असे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की मक्केने हाकललेल्या माणसाला आसरा आम्ही दिला, तलवारी आम्ही चालवल्या, तेव्हा कारभारही आमच्याकडेच यावा.

पुढचं भांडण वाचताना मराठी वाचक नकळत गादी, थोरला मुलगा आणि वारसा या शब्दांत विचार करतो. अरबी टोळीत गादी नव्हतीच. सय्यद किंवा शेख, म्हणजे टोळीप्रमुख, मेला की कुळातली वजनदार माणसं बसून पुढचा ठरवत. वय, दातृत्व, लढाईतलं धैर्य, भांडण मिटवण्याची हातोटी आणि राग गिळण्याची ताकद, हे सगळं पाहिलं जाई. बापाची पुण्याई कामी यायची, पण ती पुरेशी नसे; मुलगा नेभळट असला तर मान चुलत्याला किंवा चुलतभावाला मिळे. शेखचा हुकूम तरी कसला? त्याच्या हाती ना फौज ना तुरुंग. लोक ऐकत तोवर तो शेख. इस्लामपूर्व मक्केत कुरैशांची, म्हणजे प्रेषितांच्याच टोळीची, बैठक दार अन्-नद्वात भरायची आणि परंपरा सांगते, की तिथे चाळिशीच्या आतल्या माणसाला सहसा बसू देत नसत.

प्रेषितांचे मुलगे लहानपणीच वारले होते, त्यामुळे मुलाचा प्रश्न आलाच नाही. अली तेव्हा साधारण तिशीत, तर शेवटी जे पहिले खलिफा झाले ते अबू बकर साठीच्या आसपास. त्या समाजात हा फरक मोठा होता. निधनाच्या थोडंच आधी विशीच्या आसपासच्या उसामा इब्न झैदला मोहिमेचा सेनापती नेमलं, तर एवढ्याशा पोराच्या हाताखाली जायचं का, अशी कुरकुर झालीच होती. नेमणूक खुद्द प्रेषितांची असूनही.

सकीफाची बातमी कळताच अबू बकर, उमर आणि अबू उबैदा हे प्रेषितांचे मक्केहून आलेले तीन सहकारी तिथे पोचले. अबू बकर यांनी अन्सारांची, म्हणजे मदिनेच्या मदतनिसांची, तोंडभरून स्तुती केली. मग मुद्दा काढला: अरब टोळ्या कुरैशांशिवाय दुसऱ्या कोणाला मानणार नाहीत. धर्माचा आधार त्यात होता, पण घाव बसला तो व्यवहाराच्या बाजूने. हुबाब इब्न मुंझिर यांनी तोड सुचवली, एक अमीर, म्हणजे प्रमुख, आमचा, एक तुमचा. तीही टोळीची जुनी रीत. पण अन्सार एकजीव कुठे होते? हिजरतीच्या, म्हणजे प्रेषित मक्केहून मदिनेला आले त्याच्या, चारपाच वर्षं आधीच औस आणि खजरज या त्यांच्या दोन टोळ्या बुआसच्या लढाईत एकमेकींचे गळे कापत होत्या. खजरजांचा माणूस वर चढतोय हे औसांना कसं पचावं? त्यापेक्षा मक्केचा परका बरा. खुद्द खजरजांतले बशीर इब्न साद हेही सादच्या विरोधात उभे राहिले. भावकी म्हणजे भावकीच.

उमर यांनी अबू बकर यांचा हात धरला आणि बैअत, म्हणजे निष्ठेचं वचन, दिली. बैअत हा शब्द ‘खरेदी-विक्री’शी सख्खा आहे, सौदा पक्का करताना हातावर हात मारतात तसंच हे. एकाने हात दिला की दुसरे धावले, इतके की आजारी साद गर्दीखाली तुडवले जायचे बाकी होते. त्यांनी अबू बकर यांना कधीच बैअत दिली नाही आणि पुढे शामकडे, म्हणजे सीरियाकडे, निघून गेले, असं परंपरा सांगते. उमर यांनीच नंतर या निवडीला ‘फल्ता’ म्हटलं, म्हणजे अचानक, घाईत घडलेली गोष्ट, जिच्या अनिष्टातून अल्लाहने वाचवलं. ज्याने ती घडवली त्याचंच हे मत, म्हणून मला ते जास्त मोलाचं वाटतं. हे सगळं लिहून ठेवलं गेलं ते शंभर-दीडशे वर्षांनी, तेव्हा प्रत्येक संवाद शब्दशः खरा धरू नये.

अलींनी तत्काळ बैअत दिली नाही. सुन्नी परंपरेतल्या एका प्रसिद्ध वृत्तांतानुसार ती त्यांची पत्नी आणि प्रेषितांची मुलगी फातिमा यांच्या निधनानंतर, साधारण सहा महिन्यांनी दिली. शियांचं म्हणणं मुळातच वेगळं आहे: गदीर खुम इथे, त्याच वर्षीच्या मार्चमध्ये, प्रेषितांनी अलींचा हात उंचावून ‘मी ज्याचा मौला, त्याचा अली मौला’ असं सांगितलं होतं, मग निवडणूक कसली? सुन्नी ते वाक्य नाकारत नाहीत, मौला या शब्दाचा अर्थ वेगळा लावतात: स्वामी नव्हे, जिवलग.

मदिनेबाहेर तर आणखीच वेगळा हिशेब. अनेक टोळ्यांच्या लेखी करार मुहम्मद यांच्याशी होता. माणूस गेला, करार संपला, जकात, म्हणजे धर्माने लावलेला कर, कसली द्यायची? बनू हनीफांचा मुसैलिमा स्वतःला पैगंबर म्हणवत होता आणि त्याच्या एका साथीदाराच्या तोंडी वाक्य आहे की रबीआचा खोटारडा मुदरच्या खऱ्यापेक्षा बरा. रबीआ आणि मुदर ही दोन मोठी टोळी-घराणी, आणि कुरैश मुदरचे. हे बंड मोडण्यातच अबू बकर यांची कारकीर्द, ६३२ ते ६३४, बरीचशी गेली.

अबू बकर यांनी आपल्यानंतर उमर यांचं नाव सांगून ठेवलं. उमर यांनी ६४४ मध्ये मरणशय्येवर पुढचा खलिफा निवडायला सहा जणांची शूरा, म्हणजे सल्लामंडळ, नेमली: अली, उस्मान, तल्हा, झुबैर, अब्दुर्रहमान इब्न औफ आणि साद इब्न अबी वक्कास. सहाही कुरैश. ज्यांच्या सकीफात हे सुरू झालं ते अन्सार आता पन्नास माणसांनिशी बाहेर पहाऱ्याला. स्वतःच्या मुलाला उमर यांनी सल्ल्यापुरतं बसवलं, पदाला अपात्र ठरवून. याच उमर यांनी वेतनाची वही, दीवान, सुरू केली तेव्हाचा किस्सा सांगतात: कारकुनांनी प्रेषितांच्या कुळानंतर अबू बकर यांचं आणि मग उमर यांचं कूळ लिहिलं. उमर खवळले. प्रेषितांशी नात्याने जे जवळ ते आधी, उमरला त्याच्या जागी टाका. रक्कम मात्र इस्लाम कोणी किती आधी स्वीकारला यावर; बद्रच्या सुरुवातीच्या लढाईत लढलेल्याला वर्षाला ५,००० दिरहम. एकाच वहीत रक्ताचं नातं आणि धर्मातली ज्येष्ठता अशा दोन मोजपट्ट्या.

त्या दोन्ही पट्ट्या शूराने निवडलेल्या उस्मान यांच्या काळात भिडल्या. त्यांनी बनू उमय्या या आपल्या कुळातली माणसं सुभ्यांवर नेमली. नातलगांना धरून राहणं टोळीत सद्गुणच, पण बसरा आणि मिस्र (इजिप्त) इथल्या लष्करी छावण्यांना तो सरकारी पक्षपात दिसला. ६५६ मध्ये त्यांची हत्या झाली. अली खलिफा झाले, तेव्हा उस्मान यांच्याच कुळातले, शामचे सुभेदार मुआविया उस्मानच्या रक्ताचा बदला मागत उभे राहिले. खून झालेल्याचा वारसदार म्हणून जाब मागणं, हे तर टोळीच्या न्यायाचं पहिलं कलम.

अलींनंतर मुआविया खलिफा झाले. त्यांनी यझीद या मुलाचं नाव पुढे केलं तेव्हा अबू बकर यांचे चिरंजीव अब्दुर्रहमान यांनी ही कैसरची, म्हणजे रोमन बादशहाची, रीत आहे असं सुनावल्याची नोंद आहे. पुढे १० ऑक्टोबर ६८० ला करबला घडलं, अलींचे पुत्र हुसैन यझीदच्या फौजेकडून मारले गेले. सांगली जिल्ह्यात कडेगावला उंच ताबूत निघतात ते त्याच दिवसाच्या स्मरणात.

इतकं होऊनही बापाकडून मुलाकडे ही वाट लगेच सरळ झाली नाही. यझीद गेला, पाठोपाठ त्याचा मुलगाही. ६८४ मध्ये शामचे टोळीप्रमुख जाबियाला जमले. यझीदचा धाकटा मुलगा खालिद समोर होता, मक्केत साठीच्या घरातले अब्दुल्लाह इब्न झुबैर खलिफा म्हणवत होते. एक सरदार म्हणाला, ते म्हातारा घेऊन येतील आणि आपण पोर घेऊन जायचं? बैअत मिळाली बनू उमय्यांतल्याच वयोवृद्ध मरवान यांना, खालिदचा नंबर पुढचा या अटीवर. मरवाननी वर्षभरात ती अट मोडली आणि आपल्या दोन मुलांची नावं पक्की केली.