पांढरे हातमोजे, भोंग्यांची गाडी आणि हाताने लिहिलेलं नाव

टोकियोच्या पूर्वेला, एदोगावा वॉर्डात निशी-कासाई नावाचं स्टेशन आहे. आपली बरीच मंडळी या भागात राहतात, मीही त्यांतलाच. निवडणूक लागली की सकाळी आठच्या ठोक्याला आमच्या गल्लीत पांढरी गाडी शिरते. टपावर भोंगे, खिडक्यांतून बाहेर काढलेले पांढऱ्या हातमोज्यांतले हात आणि एका बाईचा गोड, न थकणारा आवाज. उमेदवाराचं नाव, पुन्हा नाव, पुन्हा तेच नाव, मग "कृपया मत द्या". महागाई, पेन्शन, पाळणाघरं यांवर अवाक्षर नाही. गाडी वळणावरून दिसेनाशी होते आणि नाव मात्र डोक्यात घोळत राहतं.

भारतातून नवा आलेला प्रत्येक जण विचारतो, "हे लोक मुद्द्याचं काही बोलत का नाहीत?" कारण धावत्या गाडीतून भाषण करायला इथे कायद्यानेच मनाई आहे. नावाचा पुकारा तेवढा चालतो, तोही सकाळी आठ ते रात्री आठ. भाषण करायचं तर गाडी थांबवावी लागते. आणि मतदाराच्या दाराची घंटा वाजवून मत मागणं तर गुन्हाच. आपल्याकडे उमेदवार घरी येतो, आजीच्या पाया पडतो, चहा घेतो. इथे तसं केलं तर पोलीस दारात येतील. हे असं का, याचं उत्तर शंभर वर्षं मागे आहे.

जपानमधली पहिली सार्वत्रिक निवडणूक १८९० साली झाली. वर्षाला १५ येन प्रत्यक्ष कर भरणाऱ्या, २५ वर्षांवरच्या पुरुषांनाच तेव्हा मत होतं. लोकसंख्येच्या जेमतेम १ टक्का. मतपत्रिकेवर मतदाराने स्वतःचंही नाव लिहून शिक्का मारायचा, म्हणजे कोणी कोणाला मत दिलं ते उघडच. गुप्त मतदान १९०० मध्ये आलं. कराची अट तेव्हा १० येनांवर आणि १९१९ मध्ये ३ येनांवर उतरली. १९२५ साली, पंतप्रधान कातो ताकाआकी यांच्या काळात ती पुरती गेली आणि २५ वर्षांवरच्या साऱ्या पुरुषांना मत मिळालं. मतदारांची संख्या ३३ लाखांच्या आसपास होती, ती एकदम सव्वाकोटीच्या घरात गेली.

पण त्याच वर्षी, काही आठवडे आधी, शांतता राखण्याच्या नावाखाली दुसरा एक कायदा आला होता. राजसत्तेला किंवा खासगी मालमत्तेला विरोध करणाऱ्या संघटनांना चिरडायचा कायदा. इथल्या शाळांत या जोडीला "आमे तो मुची", म्हणजे खाऊची गोळी आणि चाबूक, असं म्हणतात. माझ्या मते चाबूक त्या एकाच कायद्यात नव्हता, मताधिकाराच्या कायद्यातही तो दडलेला होता. घरोघरी जाऊन प्रचार करायला बंदी आणि उभं राहायचं तर २,००० येन अनामत, या दोन्ही गोष्टी त्याच कायद्याने आणल्या. सांगितलेलं कारण असं की बंद दाराआड लाच दिली जाते. पण गरीब मतदार विकला जाणारच, हे त्यात आधीच गृहीत धरलेलं होतं. शिवाय ज्या कामगार पक्षांकडे पैसा नव्हता, फक्त पायपीट करणारे कार्यकर्ते होते, त्यांचे पायच त्यामुळे बांधले गेले. १९२८ साली या कायद्याखालची पहिली निवडणूक झाली, तिच्यात त्या पक्षांना मिळून ८ जागा मिळाल्या. पुढच्याच महिन्यात, १५ मार्चला, देशभर कम्युनिस्टांची धरपकड झाली.

युद्धानंतर बरंच काही उलटंपालटं झालं. स्त्रियांना मत मिळालं आणि एप्रिल १९४६ मध्ये एका फटक्यात ३९ स्त्रिया कनिष्ठ सभागृहात गेल्या. हा आकडा ओलांडायला २००५ साल उजाडावं लागलं. संविधान नवं आलं, चाबकाचा तो कायदा गेला. दारावरची बंदी तेवढी राहिली. १९५० च्या निवडणूक कायद्यात ओळखीच्यांच्या घरी जाण्याची थोडी मोकळीक दिली होती, तीही दोन वर्षांत काढून घेतली. पुढे काही कनिष्ठ न्यायालयांनी ही बंदी घटनाबाह्य ठरवली, पण सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली.

आता दार बंद, धावत्या गाडीतून भाषण बंद आणि प्रचाराचे दिवस मोजके: कनिष्ठ सभागृहासाठी १२, वॉर्डाच्या सभेसाठी ७. एवढ्यात मतदारापर्यंत पोचायचं काय? नाव. कारण मतदाराला मतपत्रिकेवर उमेदवाराचं नाव स्वतःच्या हाताने लिहायचं असतं. छापील यादी नाही, बटण नाही. आपल्याकडे १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत निरक्षर मतदारासाठी चिन्हं आली. जपानमध्ये शाळा फार आधी गावोगाव पोचली होती, तिथे पेन्सिल आली. मतपत्रिकेचा कागदही खास आहे, प्लॅस्टिकपासून केलेला. घडी घालून पेटीत टाकला की आपोआप उलगडतो, मोजणाऱ्यांचा वेळ वाचतो. दोन उमेदवारांचं आडनाव एकच असेल आणि मतदाराने फक्त आडनाव लिहिलं, तर ते मत दोघांत प्रमाणात वाटलं जातं. म्हणून निकालात कधीकधी अपूर्णांकातली मतं दिसतात. २०२१ मध्ये तर, जिथे पक्षाचं नाव लिहायचं असतं त्या मतपत्रिकेसाठी, दोन पक्षांनी "मिन्शुतो" (लोकशाही पक्ष) हे एकच संक्षिप्त नाव नोंदवलं होतं, आणि तेवढंच लिहिलेली मतं दोघांत वाटावी लागली.

जिथे नाव लिहायचं असतं, तिथे ओळखीचं नाव जिंकतं. इथले राजकारणी तीन "बान" सांगतात: जिबान, कानबान, काबान. म्हणजे बांधलेला मतदारसंघ, नावाची पाटी आणि पैशाची बॅग. तिन्ही वारशाने मिळतात. योकोसुकाच्या कोइझुमी घराण्यातला शिन्जिरो हा चौथ्या पिढीचा खासदार. गुन्मामध्ये माजी पंतप्रधान ओबुची केइझो वारले आणि त्याच वर्षी, २००० साली, त्यांची २६ वर्षांची मुलगी युको निवडून आली. आपल्याला घराणेशाही नवी नाही, पण इथे तिला निवडणुकीच्या नियमांचंच पाठबळ आहे.

यातला मतदारसंघ बांधायचं यंत्र म्हणजे कोएन्काई, नेत्याचं स्वतःचं समर्थक मंडळ. १९९३ पर्यंत एका मतदारसंघातून साधारण तीन ते पाच खासदार निवडले जात आणि मतदाराचं मत मात्र एकच. लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाचे दोन-तीन उमेदवार एकमेकांविरुद्धच उभे, मग पक्षाच्या नावावर मत मागणार कसं? प्रचाराच्या १२ दिवसांत जे करता येत नाही ते हे मंडळ वर्षभर करतं: नववर्षाचे मेळावे, सहली, लग्नकार्यात आणि दुःखाच्या प्रसंगी हजेरी. निइगाता या बर्फाळ प्रांतातले माजी पंतप्रधान तानाका काकुएई यांचं एत्सुझान्काई हा याचा सर्वांत मोठा नमुना. त्यांनी गावांना रस्ते, पूल, बोगदे दिले. १९८२ मध्ये शिन्कान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेनही तिथे पोचली. ऑक्टोबर १९८३ मध्ये लॉकहीड विमान लाच प्रकरणात त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली. डिसेंबरात निवडणूक झाली आणि त्यांना २ लाख २० हजारांहून जास्त मतं पडली. त्या मतदारांना मी भोळे म्हणणार नाही. हिवाळ्यात ज्यांचं गाव जगापासून तुटत असे, त्यांनी बोगदा देणाऱ्याचं नाव लिहिलं.

१९९४ मध्ये ही पद्धत मोडली आणि एका जागेचे मतदारसंघ आले. त्याच सुधारणेत छापील नावापुढे खूण करायची तरतूदही होती. पण १९९५ च्या डिसेंबरात, ती एकाही राष्ट्रीय निवडणुकीत वापरली जाण्याआधीच, खासदारांनी ती रद्द करून हाताने लिहिणं परत आणलं. ज्यांचं नाव लोकांना आधीच पाठ आहे, त्यांनीच तो निर्णय घेतला, हे मला विसरता येत नाही. इंटरनेटवर प्रचाराला परवानगी मिळाली ती थेट २०१३ साली.

आणि लाच थांबली का? २०१९ मध्ये हिरोशिमात माजी कायदामंत्री कावाई कात्सुयुकी यांनी पत्नीच्या निवडणुकीसाठी सुमारे १०० जणांना २ कोटी ८० लाख येनांहून जास्त रक्कम वाटली, बरीचशी स्वतः भेटून, स्थानिक नेत्यांच्या हातात. २०२१ मध्ये त्यांना तीन वर्षांची शिक्षा झाली. पैसा नेणाऱ्याला दार सापडतंच. ते बंद राहतं ते बोलायला येणाऱ्यासाठी.

त्याच २०१९ साली, एप्रिलमध्ये, आमच्या एदोगावाच्या वॉर्ड सभेसाठी पुराणिक योगेंद्र उभे राहिले. मूळचे अंबरनाथचे, जपानचं नागरिकत्व घेतलेले. त्यांनी नाव लावलं ते हिरागाना लिपीत, दोनच अक्षरांचं: यो, गि. पहिलीतल्या मुलालाही लिहिता येईल असं. घंटा वाजवून ओळख करून द्यायची सोय त्यांनाही नव्हती, आणि प्रचाराला सातच दिवस. निशी-कासाईतल्या आम्हा बहुतेक भारतीयांना, नागरिकत्व नसल्यामुळे, मत नाही. त्यांना ६,४७७ मतं पडली, म्हणजे ती जवळजवळ सगळी आमच्या जपानी शेजाऱ्यांची.